पुष्पाताईंच्या सुनेचा रिपोर्ट

दंडाला पट्टा आवळता आवळता पुष्पाताई प्रत्येक गरोदर बाईला एकच विचारायच्या, "काऊन वं, ऊन शेवटचं कधी पाह्यलं?" सुई टोचण्याआधीच बाई ओशाळायची. सेवाग्रामकडच्या एका दवाखान्यात त्या रक्त काढायच्या आणि मी मशीन लावून रिपोर्ट टाइप करायचो. गरोदर बायांमधलं ड जीवनसत्त्व तपासणं तिथे नुकतंच सुरू झालं होतं. मे महिन्यात डांबर वितळवणाऱ्या या जिल्ह्यात रिपोर्टमागून रिपोर्ट 'कमी' निघे. "सूर्य फुकट भेटते न, म्हून कोणाले त्याची कदर नाई," असं त्यांचं निदान.

सिंदी रेल्वे गावच्या एका दुकानदारीणबाईंनी सातव्या महिन्यातली सून आणली. पोरीला कंबर धरल्याशिवाय उठता येत नव्हतं. सासूबाई मात्र कौतुकाने सांगत होत्या, "उंबऱ्याबाहेर नाई पडू देली. लेकरू काळं निघालं तर?"

पुष्पाताईंनी नळीवर नाव लिहिलं. "बरं केलं. लेकरू गोरं निघन. हाडं मंग दुकानातून आणजा."

रिपोर्टमधला आकडा फारच खाली आला. सासूबाईंनी मशीनला दोष दिला. "मशीन कोणाची सासू पाहत नाई," पुष्पाताई म्हणाल्या आणि दोघींना डॉक्टरीणबाईंकडे औषधाला धाडलं. आम्ही आठवडाभर हसलो.

पुढच्याच महिन्यात यादीतला सर्वांत कमी आकडा स्नेहाचा निघाला. स्नेहा म्हणजे पुष्पाताईंचीच गरोदर सून. बोरगाव मेघेच्या घरी तिने गच्चीवर जायचं नाही, जिन्यावरून पाय घसरेल, हा पुष्पाताईंचा हुकूम होता. मी कागद त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी आकड्याखाली बोट ठेवून तो पुन्हा वाचला. मग म्हणाल्या, "मशीन पुन्हा लाव."

मी लावलं. आकडा तोच आला.

दुसऱ्या दिवशी रांगेतल्या बायांसमोर त्यांनी तो रिपोर्ट स्वतः वाचून दाखवला. "माह्या सुनेचा आहे. मीच तिले घरात कोंडून ठेवली होती. हसून घ्या, मंग हात पुढे करा." कोणी हसलं नाही.

औषध सुरू झालं, स्नेहाचं बाळंतपण सुखरूप पार पडलं. दोन वर्षांनी पुष्पाताई निवृत्त झाल्या. निरोपाच्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी त्यांच्या हलक्या हाताची तारीफ केली. पुष्पाताई माइकजवळ आल्या आणि म्हणाल्या, "हात पहिल्यापासूनच बरा होता, मॅडम. तोंडाले वळण लागाले उशीर झाला."