हलगी वाजली तरी

मी लिहायला बसलोय याची आधी माफी मागतो. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिला. लिहिणं हे काही आमचं काम नाही. आणि हे आजवर कुणालाच सांगितलेलं नाही – आईला तर नाहीच.

दादा पुण्यात एका क्लबात साउंड सांभाळायचा. तिथे त्याला कोकेनची सवय लागली. दोनेक वर्षांनी काम, कोकेन, सगळं सोडून तो पुण्याहून गावी, इथल्या भवानी पेठेतल्या आमच्या खोलीत परत आला. आधी नुसता झोपला, मग वखवखून जेवला, मग – काहीच नाही. भिंतीकडे तोंड. आईनं शेंगाचटणी, भाकरी पुढे ठेवली, ती तशीच राहिली. जयंतीची मिरवणूक दारावरून गेली, हलगी कडाडली. लहानपणी हलगी ऐकली की हाच दादा मला खांद्यावर घेऊन नाचायचा. तो वळलाही नाही.

मला त्याचा राग यायचा. खरं सांगू? किळस यायची. खोली एक, माझी परीक्षा तोंडावर, आणि आईचा सगळा जीव त्याच्यात.

आमच्याकडे गोळ्यांच्या पाकिटापासून वीजबिलापर्यंत सगळं मलाच वाचायला देतात. मी म्हणेन ते खरं. म्हणून आबांनी, माझ्या वडिलांनी, मला सगळ्यांसमोर विचारलं, "तू शिकल्याला हाईस. सांग, ह्यो आजारी हाय का नाटक करतोय?"

मला माहीत होतं का? – होतं. त्याच आठवड्यात मी वर्गात सेमिनार दिला होता, नेमका यावरच. सतत कोकेन घेतलं की मेंदूत डोपामिनचा पूर येत राहतो. सोडल्यावर मेंदू बधिर असतो. जेवण, गाणं, माणसं, कशालाच तो धड दाद देत नाही. सावरायला महिने लागतात. आणि या बधिर मेंदूला जुनी गल्ली, जुने मित्र दिसले, तर तेवढ्यापुरता तो ताडकन जागा होतो आणि पुन्हा कोकेनच मागतो. मी दादाचंच उदाहरण दिलं, 'एक रुग्ण' म्हणून. मॅडमनी टाळ्या वाजवायला लावल्या.

आणि घरी मी म्हणालो, "नाटक हाय."

चुकून नाही. घाबरूनही नाही. त्यानं जावं, एवढंच मला हवं होतं.

दादानं माझ्याकडे बघितलं. "व्हय रं बारक्या?" एवढंच विचारलं.

"व्हय."

"मग जा की कामाला," आबा त्याला म्हणाले. सात रस्ता चौकात पुण्याच्या ट्रॅव्हल्समध्ये त्याला मीच बसवलं. तो त्याच क्लबात, त्याच गल्लीत निघाला होता. तेही मला कळत होतं. बॅग वर ठेवली आणि उतरलो.

त्या दिवशी खोलीत मी पाय पसरून अभ्यास केला. छान झाला.

तुम्ही मला समजून घेऊ नका. तुमच्या समजुतीचं मी काय करू?

पावसाळा सरता सरता पुण्याहून त्याच्या मित्राचा फोन आला. दादा गेला होता. क्लबामागच्या गल्लीतच सापडला. मित्र रडत म्हणाला, "लई समजावलं वो त्याला. म्हटलं, दवाखान्यात चल, तुला बरं न्हाय. ऐकायचाच न्हाय. म्हणायचा, माझा बारक्या शिकल्याला हाय. त्यो म्हणालाय, मला काय बी झाल्यालं न्हाय."