कुंडीतला राब

शाळेतून आले की मी अंगणात पोटावर आडवी व्हायची. हनुवटी जमिनीला टेकवायची आणि एक डोळा मिटायचा. मग वीतभर उंचीचं माझं डाळिंब हळूहळू मोठं होत जाई. त्याच्या खाली गर्द सावली पडे, त्या सावलीत कुणीतरी बैल सोडून निवांत बसलंय असं वाटे, आणि मागचा माथेरानचा डोंगर त्याच्या फांद्यांमध्ये अलगद मावून जाई. शेजारच्या काकू कुंपणावरून म्हणायच्या, "मास्तरीण हायस ना गं तू? अशी काय लोळतेस?" मी ऐकू न आल्यासारखं करायची.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. भिसेगावात दोन खोल्या भाड्याने घेऊन मी एकटीच राहत होते. एका मासिकात बोन्सायवर लेख वाचला आणि वेड लागलं. जास्वंद, कामिनी, चिंच, परसात उगवेल ते मी कुंडीत घातलं. मोटारी दुरुस्त करणाऱ्याकडून तांब्याची जुनी तार आणून फांद्यांना गुंडाळली, शेंडे खुडले, मुळं कातरली. निम्मी झाडं माझ्या हौसेपायी मेली. डाळिंब मात्र टिकलं. कुंभाराकडून त्याला मुद्दाम पसरट कुंडी करून घेतली होती. आठव्या वर्षी त्याला फूल आलं. झाड एवढंसं आणि फूल मात्र पुरतं मोठं, लालभडक. त्या दिवशी मी वर्गात काय शिकवलं ते देव जाणे.

त्याच वर्षी बाबा कडावहून माझ्याकडे राहायला आले. झटका येऊन त्यांचा उजवा हात लुळा पडला होता. आई कधीच गेली होती, शेती दादा बघत होता. डॉक्टर म्हणाले, हात हलता ठेवा, नाहीतर कायमचा जाईल. मी चिंध्यांचा चेंडू शिवून दिला, मुठीत दाबायला. बाबांनी तो खिडकीत ठेवून दिला. "मी काय रांगतं पोर हाय?"

ते डाव्या हाताने जेवत, आणि सांडतं म्हणून भिंतीकडे तोंड करून बसत. ती पाठ बघत मी जेवायची. मला दुसरं काही नको होतं. फक्त तो हात परत हवा होता.

डाळिंबाचं त्यांना भारी वाईट वाटे. "बाय, उपाशी ठेवलंस गं ह्याला."

"ते तसंच ठेवायचं असतं, बाबा."

"शाळेत पोरांना बी हेच शिकवतेस व्हय?"

मे महिन्यात शिबिरासाठी मला दोन दिवस खोपोलीला जावं लागलं. बाबांचा डबा काकूंना सांगितला. ते दिवस राब भाजायचे. भाताचं बी पेरायच्या तुकड्यावर शेण आणि पालापाचोळा पसरून पेटवतात, म्हणजे तण मरतं आणि रोप जोमाने येतं. परत येताना एस.टी.च्या खिडकीतून शेतांवर तरंगणारा निळसर धूर दिसत होता. गावं, झाडं, माणसं सगळी त्यात अर्धीअधिक विरघळलेली. मी झोपेत आहे की जागी, तेच कळेना.

घरी पोचले तर धूर अंगणातही होता.

माझी पसरट कुंडी रिकामी होती. तिच्यात राखेचा थर होता, कडेला एक पान अजून धुमसत होतं. डाळिंब बादलीत उभं होतं, मुळं उघडी, बुंध्याला पेंढ्याची काडी बांधलेली, लावणीआधी भाताच्या रोपांची मूठ बांधतात तशी. बाजूला बाबा उकिडवे बसले होते.

"काय केलंत हे!"

"राब केला," ते शांतपणे म्हणाले. "माती मेली व्हती. भाजून काढली. आता लावायचं. उपटून लावल्याबिगर रोप जोर धरतंय का कुठं?"

जिभेला हाड नसतं म्हणतात. माझ्या तर मुळीच नव्हतं. मी म्हणाले, "तुमचं शेत सुटलं म्हणून माझ्या झाडाच्या मुळावर उठलात?"

बाबांनी मान खाली घातली. मीही खाली बघितलं, आणि मला ती गाठ दिसली. काडीचे दोन वेढे, पीळ, आणि टोक आत खोचलेलं. एका हाताने ती बांधताच येत नाही.

"गाठ कुणी बांधली?"

"मीच. हितं दुसरं कोन येतंय?"

मी त्यांच्या उजव्या हाताकडे पाहत राहिले. मग तेही पाहू लागले, दुसऱ्याच कुणाचा असावा तसे.

डाळिंब आम्ही दोघांनी मिळून त्याच कुंडीत लावलं. बाबा रोज त्याला पाणी घालू लागले, तण उपटू लागले, बोटांनी माती दाबू लागले. चौथ्या दिवशी पानं करपली. मला समजायचं ते समजलं. आठ वर्षांचं झाड. मी मोरीत जाऊन रडले. पण बाहेर येऊन म्हणाले, "फुटेल हं बाबा, डोळे धरतंय." रोज सकाळी नवी थाप. बाबांची बोटं मात्र खरोखरच मिटू-उघडू लागली होती.

आषाढात एका सकाळी त्यांनी उजव्या अंगठ्याच्या नखाने बुंध्याची साल खरवडली. आत सगळं तपकिरी.

"मेलंय गं हे. चवथ्या दिवशीच मेलं. आख्खा जल्म शेतात गेला माझा, मला कळत नाय व्हय?"

"मग रोज पाणी का घालत होतात?"

"तू रोज एवढं खोटं बोलत व्हतीस. म्हटलं, बायला हात हलायला पायजे. हलवला."



चार दिवसांनी दादा आला. लावणीला माणसं कमी पडत होती. बाबांची पिशवी भरलेलीच होती. हात परत आला की तो ज्या मातीचा आहे तिकडे जाईल, हे मला कसं सुचलं नव्हतं कोण जाणे. एस.टी.च्या दाराचा दांडा त्यांनी उजव्या हाताने धरला आणि अंग वर उचललं. खरं सांगते, एक क्षणभर मला वाटलं, सुटावी ती पकड, आणि यावेत परत.

सुटली नाही.