कुलूप लावलेल्या घरांची चौकशी करणाऱ्या शेटे बाई

प्रा. विजया शेटे बाईंची आणि माझी पहिली भेट एकाच बाकावर झाली. बीडच्या आमच्या महाविद्यालयात समाजशास्त्र आणि डेटा सायन्स असा जोड अभ्यासक्रम नुकताच सुरू झाला होता. पहिला तास संगणकाचा होता. माझ्या शेजारी सुती साडीतल्या एक बाई वही उघडून बसल्या. कुणाची तरी आई जागा धरून बसली असेल, असं समजून मी हळूच विचारलं, "काकू, तुमी कावून आलात इथं?" त्या म्हणाल्या, "शिकायला. तू?" पुढच्या तासाला त्याच उठून फळ्याजवळ गेल्या आणि समाजशास्त्र शिकवू लागल्या.

पन्नाशी उलटलेल्या विभागप्रमुख बाई वर्षभर आमच्याबरोबर संगणक शिकल्या. शिकवणारे सर त्यांचेच जुने विद्यार्थी होते, ते बिचारे घामाघूम व्हायचे. बाईंचा गृहपाठ चुकला की सर म्हणायचे, "थोडंसं राहिलंय, मॅडम." त्यावर बाई म्हणायच्या, "राहिलेलं नाही, चुकलेलं आहे. तसं म्हणा की! स्पष्ट बोलायला मीच शिकवलंय ना तुम्हांला?"

बाईंचे वडील, आप्पा, यांचं बीडमध्ये किराणा दुकान होतं. कपिलधारच्या यात्रेहून परतणारी मंडळी तिथं घटकाभर टेकायची. दुकानात आलेल्या गिऱ्हाइकाशी सगळेच बोलतात, आप्पा मात्र न आलेल्यांची चौकशी करायचे: अमका चार दिवसांत फिरकला नाही, आजारी आहे का? समाजशास्त्राचा पहिला पाठ आपण गल्ल्यामागं उभं राहून शिकलो, असं बाई सांगत असत. गौरवलेखात दोष लिहू नयेत म्हणतात, पण खरं ते सांगतो. बाईंचं अक्षर वाचायला त्यांनाच बोलवावं लागतं, आणि त्यांच्या स्कूटीवर मागं बसायची हिंमत मी आजवर एकदाच केली आहे.

आता माझ्याविषयी थोडं सांगणं भाग आहे. माझं गाव शिरूर कासार तालुक्यात. दिवाळी झाली की निम्मं गाव ऊसतोडीला निघतं. माझे आईवडीलही जातात. कॉलेजच्या अर्जात मी मात्र वडिलांचा धंदा 'शेती' असा लिहिला होता, आणि वर्गात कुणाला काही कळू दिलं नव्हतं. कॉलेजच्या शेवटच्या वर्षी मी बीडला वसतिगृहात होतो. घरी मागं राहायला कुणीच नव्हतं, म्हणून सातवीतली बहीण सारिका आईवडिलांबरोबर उसाच्या फडावर गेली होती.

त्याच वर्षीच्या प्रकल्पासाठी बाईंनी मला माझ्याच गावाची पाहणी दिली. तोडीला जाणाऱ्यांच्या मुलांसाठी गावात हंगामी वसतिगृह उघडायचं की नाही, हे त्या पाहणीवरून ठरणार होतं. वसतिगृह झालं तर सारिका परत येऊन शाळेत बसणार होती. नाही झालं तर तिची सातवी बुडणार होती. मी घरोघर फिरलो. जिथं कुलूप दिसलं तिथं 'कुलूप' एवढंच लिहिलं आणि पुढचे रकाने रिकामे ठेवले. मग संगणकावर एका आज्ञेत सगळ्या रिकाम्या ओळी काढून टाकल्या. निकाल असा आला की गावातलं प्रत्येक पोर शाळेत जातंय. हे खोटं आहे, हे मला पहिल्या नजरेतच कळलं. पण ते बोलायचं, तर मला कसं माहीत तेही सांगावं लागलं असतं. मी गप्प राहिलो. सख्ख्या बहिणीपेक्षा मला माझी अब्रू मोठी वाटली, हे लिहिताना आजही मान खाली जाते. अहवाल तालुक्याला गेला.

चार दिवसांनी बाईंनी बोलावलं. "गाव लई गुणाचं दिसतंय तुझं. सगळी पोरं शाळेत. मग ऊस कोण तोडतंय?"

"मॅडम, बाकीच्या ओळी रिकाम्या होत्या. साफ केल्या."

"माणसं साफ केलीस?"

माझा तापट स्वभाव सगळ्यांना ठाऊक आहे. मी उसळलो, "मग काय कुलपाला विचारू?"

"कुलपाला कशाला? किल्ली जिच्याकडं हाय तिला विचार. उद्या सकाळच्या एस्टीनं निघू."

आमच्याकडं तोडीला जाणारी माणसं घराची किल्ली शेजारी देऊन जातात. आमच्या आळीच्या किल्ल्या चंद्रकलाकाकूंकडं असतात. त्यांनी आधी चहा केला, तो पिऊन होईपर्यंत बाईंनी एकही प्रश्न विचारला नाही. मग काकू भिंतीच्या खिळ्यावरची एकेक किल्ली काढून सांगू लागल्या: ही अमक्याची, नवराबायको नि तीन लेकरं, थोरली पाचवीला हाय, धाकटं अजून अंगावर पितंय. मी लिहीत होतो. रिकामे रकाने भरत चालले होते.

लाल चिंधी बांधलेली किल्ली हातात आली तेव्हा बाईंनी विचारलं, "ही कुणाची?"

काकू हसल्या. "आता गं बया! ह्येच्याच घराची की. आई, बाप, सारिका, समदी गेल्यात. ह्यानं सांगितलं न्हाई व्हय?"

मी जमिनीकडं पाहत राहिलो. बाई म्हणाल्या, "लिही. मुलीचं नाव. इयत्ता." मी माझ्याच हातानं लिहिलं: सारिका, सातवी.

परतीच्या एस्टीत बाईंनी डबा उघडला आणि धपाटं माझ्या हातावर ठेवलं. मी सगळं कबूल केलं, अगदी अर्जातल्या 'शेती'सकट. त्या म्हणाल्या, "आईबाप घाम गाळून खातात, यात लाजायचं काय? लाजण्यासारखं तू एकच केलंस. ते निस्तरू. आधी खा."

तालुक्याच्या बैठकीत आम्ही नवा अहवाल ठेवला. एक साहेब म्हणाले, "आठ दिवसांत गाव बदललं की काय, मॅडम?" बाई उभ्या राहिल्या. "गाव नाही बदललं. पहिला अहवाल चुकला. मार्गदर्शक मी आहे, तेव्हा चूक माझी." तीस वर्षं ताठ मानेनं शिकवलेल्या बाई माझ्या पापापायी बोलणी ऐकून घ्यायला उभ्या आहेत, हे मला बघवेना. मी उठलो. "साहेब, चूक माझी हाय. कुलूप लावलेल्या घरांतलं एक घर माझंच हाय. माझे आईवडील ऊस तोडतात. माझी बहीण आत्ता ह्या घडीला फडावर हाय." चारचौघांत हे वाक्य मी जन्मात पहिल्यांदा बोललो. छातीवरचा धोंडा उतरला.

वसतिगृह मंजूर झालं. पंधरवड्यात सारिका गावी परतली. मध्यंतरी बुडालेलं गणित बाईंनी तिला रविवारच्या रविवारी फोनवर शिकवलं. ती सातवी पास झाली. आता ती नर्सिंग शिकते आहे.

मी आज त्याच विभागात शिकवतो. इतक्या वर्षांत बाईंनी हा प्रसंग कुणालाही, अगदी दाखला म्हणूनसुद्धा, सांगितला नाही. आज मीच सांगून टाकला. त्यांची बोलणी खायची माझी तयारी आहे.

बाईंना साठ वर्षं पूर्ण झाली, त्यांच्यावर लिहितो आहे, असं परवा आईला सांगितलं. ती भाकरी थापत होती. हात न थांबवता म्हणाली, "लिही. म्हणावं, बाई, माझं आयुष्य तुमाला लागू दे."

आईचा निरोप मी जसाच्या तसा पोचवतो आहे, पण मला तो निम्माच मान्य आहे. मला बाईही हव्यात आणि आईही. दोघींनाही आपापलं भरपूर, निरोगी आयुष्य मिळो. एकीचं दुसरीला लागायची वेळच न येवो.