सव्वीसचं चाक आणि जावयाचा मान

आपल्या फजितीची गोष्ट दुसऱ्याने तिखटमीठ लावून सांगण्याआधी आपणच सांगून टाकलेली बरी. घ्या, चहा घ्या. अकोल्यात ही गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे, अमरावतीत अजून फक्त कोर्टाच्या कॅन्टीनपर्यंत आली आहे.

मी वकील. म्हणजे एखाद्या विषयावर ठामपणे बोलायला तो विषय मला माहीत असलाच पाहिजे, असं काही नाही. त्यात अमरावतीत सध्या सायकलीची साथ आलेली. मीही पहाटे घट्ट चड्डी घालून वलगावपर्यंत जातो, पोहे खातो, परत येतो आणि दिवसभर पक्षकारांना सायकलशास्त्र शिकवतो. पक्षकार बिचारे ऐकतात. तारीख जवळ आलेली असते ना!

तर माझे सासरे अकोल्याचे. चित्रकलेचे शिक्षक होते, आता निवृत्त. तरुणपणी लांब पल्ल्याच्या सायकलवर गावोगाव हिंडलेले. ती सायकल मागच्या खोलीत धूळ खात पडली होती. पुढचं चाक गायब, मागच्या ब्रेकची तार तुटलेली. मामाजींच्या, म्हणजे सासऱ्यांच्या, मनात आलं की येत्या रविवारी त्याच सायकलवर बाळापूरला जुन्या मित्राकडे जावं. सासूबाईंनी एकच अट घातली. ब्रेक लागला तरच जायचं, नाहीतर सायकल भंगारात.

कोर्टाला सुट्टी होती, म्हणून मी आठवडाभर बायकोसह अकोल्यातच मुक्कामाला होतो. आता अशा वेळी जावई गप्प बसेल का? मी जाहीर केलं की सायकल मी करून देतो.

"तुमाले घरचा नळ बदलवता येत नाही," बायको म्हणाली.

मी दुर्लक्ष केलं. मोठ्या माणसांना घरातून विरोध व्हायचाच.

मामाजी चाकाबद्दल काहीतरी सांगू पाहत होते. "ते चाक तर आपल्या..." एवढंच ते म्हणाले आणि मी त्यांना थांबवलं. गेलं ते गेलं मामाजी, चोरीला गेलेल्या वस्तूवर जीव ठेवू नये. मग भंगार बाजारात जाऊन मी एक चाक आणलं. चांगलं जाडजूड टायर असलेलं, सव्वीस इंची. सायकल होती सत्तावीस इंची. म्हटलं, एका इंचाने काय होतं? रस्त्याला थोडंच कळणार आहे!

रस्त्याला नाही, पण ब्रेकला कळलं. ब्रेकचे रबर पोचेनात. रिम राहिली खाली आणि रबर वर टायरला गुदगुल्या करतात. हार मानेल तो वकील कसला? सासूबाईंच्या जुन्या मांडणीची लोखंडी पट्टी कापली, तिचे दोन तुकडे ब्रेकच्या दोन्ही बाजूंना जोडले आणि रबर रिमपर्यंत खाली आणले. मागच्या ब्रेकच्या तारेच्या भानगडीत पडलोच नाही. एका खटल्याला एक वकील पुरतो.

सायकल उभी केली तर ती पुढे वाकलेली, जणू देवाला नमस्कार करते आहे. मी सर्वांना समजावलं की याने वारा कापला जातो. चाक हाताने गरगर फिरवलं, ब्रेक दाबला, चाक थांबलं. सासूबाई म्हणाल्या वा, मामाजी म्हणाले वा, शेजारचेही वा म्हणून गेले. आपल्या वऱ्हाडात जावयाला कोणी चुकलं म्हणत नाही. जावई भाजी खारट म्हणाला तर तिखटमीठ बघत नाहीत, पातेलंच बदलतात. मला मात्र वाटलं, हे कौतुक माझ्या कामाचं आहे.

त्या दिवशी जेवणात तोंडल्याची भाजी होती. अंगणातल्या वेलाचीच. वेल एका गोल कड्यावर झकास चढला होता. मी भाजी दोनदा मागून घेतली आणि वेलाचंही कौतुक केलं.

रविवारी मामाजी पायजम्याला चिमटा लावून तयार झाले. सायकलला हळदकुंकू लागलं. मामाजी एकदम मागे सरकले.

"नाई जावईबापू, पयला मान तुमचा. त्या कोपऱ्यापर्यंत जाऊन या फक्त."

मान म्हटल्यावर मी फुगलोच. कोपऱ्यापर्यंत गेलो. तिथे मागे वळून पाहिलं तर सगळी गल्ली बघते आहे. मग कोपऱ्यावरून परत फिरणं बरं दिसतं का? समोर उड्डाणपूल होता. चढलो.

उतारावर सायकल खरंच वारा कापायला लागली. मी ब्रेक दाबला. एक पट्टी वाकून गेली डावीकडे, दुसरी उजवीकडे, आणि रबर कुठे उडाले ते मला आजही माहीत नाही. मागचा ब्रेक दाबला तेव्हा आठवलं की मागे तारच नाही. खरं सांगतो, घाबरलो. घसा फाडून ओरडत होतो, आणि लोकांना वाटलं नवीन हॉर्न आहे.

पुलाखाली एक गादीवाला रस्त्याच्या कडेला कापूस पिंजून ढीग घालत बसला होता. मी त्या ढिगात शिरलो. अंगाला खरचटलंही नाही, सायकलही धड. पण नाकातोंडात, कानात, चड्डीत सगळीकडे कापूस. गादीवाला शांतपणे म्हणाला, "साहेब, गादी नेऊन घरी झोपाचं असते."

सायकल ढकलत घरी आलो तेव्हा मामाजी अंगणात वेल सोडवत होते. तोंडल्याखालचं ते गोल कडं म्हणजे सायकलचं पुढचं चाक होतं. मूळचं, सत्तावीसचं, ॲल्युमिनियमच्या रिमचं. त्यांनीच काढून वेलाला दिलेलं. आठवडाभर मी त्याच चाकावरची तोंडली खात होतो.

"मामाजी, सांगायचं ना!"

"सांगून राह्यलो होतो, तुमी बोलू द्याल तवा ना. अन् जावयाचं काम चुकलं म्हनाव तरी कोनं?"

"मग मला त्याच्यावर बसू कसं दिलं?"

"मले बाळापूरले जाचं होतं. ब्रेक लागते का नाई, थे पाहा लागत नोतं?"

मूळचं चाक बसलं, तारा नव्या पडल्या, पुढच्या रविवारी मामाजी बाळापूरला जाऊन आलेसुद्धा. पण माझा मान त्या घरात फार वाढला आहे. परवा अकोल्याला गेलो तर झटका मारणारा गीझर मामाजींनी घरीच दुरुस्त केला होता. मी दारातून आत शिरतो तोच ते टॉवेल घेऊन पुढे आले.

"या जावईबापू. पयला मान तुमचा."