सतरा प्रार्थनांएवढा अंधार

माझ्या आत्यानं आयुष्यातली छत्तीस वर्षं अंधारात काढली. हे मी कुणाला तिची कीव यावी म्हणून सांगत नाही. तो तिचा धंदा होता. फोटो स्टुडिओच्या मागच्या डार्करूममध्ये ती फिल्म धुवायची. पुढे मालक गिऱ्हाइकांना हनुवटी वर आणि खांदे खाली करायला लावायचे, आणि मागे आत्या त्या हनुवट्या, ते खांदे अंधारातून एकेक करून बाहेर काढायची. मालकांना मूलबाळ नव्हतं. जाताना ते स्टुडिओ तिच्या नावावर करून गेले. त्यावरून लोकांना जे बोलायचं होतं ते त्यांनी मनसोक्त बोलून घेतलं, आणि आत्या वरच्या दोन खोल्यांत राहायला आली.

लहानपणी सुट्टीत मी तिच्याकडेच असायचे. गल्लीतली मुलं तिला वटवाघूळ म्हणायची. मी त्यांच्याशी भांडून रडत यायचे, तर ती म्हणायची, "अगं, बरोबरच आहे त्यांचं. फक्त उलटं लटकायला जमत नाही मला, गुडघे दुखतात."

डार्करूमला दार नव्हतं. एक काळा जाड पडदा, मग अरुंद बोळ, बोळाला एक वळण, आणि दुसरा पडदा. माणूस ये-जा करू शकेल, उजेड मात्र वळणावर अडेल, अशी ती युक्ती. आत औषधांचा आंबट वास, कुठेतरी नळातून थेंब थेंब पाणी, आणि अंधार. लोकांना वाटतं तिथे लाल दिवा असतो. तो कागदावर फोटो छापताना. फिल्म धुताना काहीच नसतं. डोळे उघडे ठेवा नाहीतर मिटा, सारखंच. मी कोपऱ्यातल्या स्टुलावर बसायचे आणि थोड्या वेळानं आपले पाय कुठे संपतात हेही मला कळेनासं व्हायचं. आत्याचा आवाज खोलीतून येतोय की झोपेतून, ते सांगता आलं नसतं.

त्या अंधारात ती रोल उघडायची, फिल्म बोटांनी रिळावर चढवायची आणि औषधाच्या टाकीत सोडायची. तिथे ती सात मिनिटं ठेवायची. वेळ कमी पडला तर फिल्म कच्ची, जास्त झाला तर काळी. अंधारात चमकणाऱ्या काट्यांचं एक घड्याळ होतं, ते पहिल्याच वर्षी टाकीत पडलं. मालक पक्के चिकट. नवं आणतो म्हणाले आणि शेवटपर्यंत आणलं नाही. मग आत्यानं प्रभूची प्रार्थना धरली. संथपणे म्हटली की तिची एक प्रार्थना पंचवीस सेकंदांची. सतरा झाल्या की फिल्म उचलायची. छत्तीस वर्षं, दिवसातून पाच-सहा वेळा. आमच्या चर्चचे पाळकसाहेब एकदा म्हणाले, "बाई, तुम्ही तर आमच्या सगळ्या मंडळीच्या पुढे आहात." आत्या म्हणाली, "पुढे कसली, साहेब! माझं अर्धं लक्ष फिल्मकडे असतं."

आणि मग एका लग्नाची फिल्म कच्ची निघाली. एक नाही, चारही रोल. नवरा, नवरी, पाहुणे, सगळे धुक्यात उभे असल्यासारखे. असं कधी झालं नव्हतं. गिऱ्हाईक येऊन आरडाओरडा करून गेलं. त्या दिवशी मी सहज डोकावले, तर आत्या काउंटरमागे हात मांडीवर ठेवून बसली होती. मी विचारलं, औषध जुनं होतं का? नाही म्हणाली. पाणी फार थंड होतं का? तेही नाही.

"मी प्रार्थना उरकली," ती म्हणाली. "म्हटल्या सतराच. पण पळत पळत म्हटल्या. मला त्याच्याशी बोलायचंच नव्हतं."

मग तिनं सांगितलं. तिचे डोळे जात होते. कडेचं आधीच गेलं होतं, वर्ष-दीड वर्षात मधलंही जाणार होतं. त्यावर औषध नव्हतं, ऑपरेशनही नव्हतं. डॉक्टरांनी हे सांगून तीन आठवडे झाले होते आणि तिनं कुणाजवळ तोंड उघडलं नव्हतं. मला राग लवकर येतो. देवाचा आला, डॉक्टरचा आला, सगळ्यात जास्त तिचा आला. एवढं मोठं संकट आणि ही बाई फिल्म धूत बसली होती!

डॉक्टर म्हणाले तसंच झालं. दीड वर्षात तिला दिसायचं थांबलं. फिल्मचे दिवसही सरले होते. लोक फोनवर फोटो काढत होते आणि कुठेच छापत नव्हते. मी आणि बाबांनी ठरवलं की आता आत्यानं आमच्याकडे यायचं. एक खोली रिकामी केली, तिला पडदे लावले. पडदे कशाला लावले कोण जाणे. स्टुडिओची जागा बाजूचा चपलांचा दुकानदार भाड्यानं घ्यायला तयार होता, एक तारखेपासून. मी खोकी घेऊन आवराआवर करायला गेले. माझा स्वभावच उरकून टाकायचा.

"तुमच्याकडे येऊन मी काय करू?" आत्यानं विचारलं.

"आराम कर."

"हे बघ, प्रभूनं मला आंधळं केलं, ते एक वेळ चालेल. पण रिकामं बसवलं, तर आमचं भांडण होईल. मोठं भांडण."

मी खोक्याला चिकटपट्टी लावत राहिले. ती भिंतीला हात लावून उभी होती. वरच्या खोल्यांत ती आता सारखी धडकायची. तिच्या नडग्यांवर निळे डाग होते. "एक गंमत सांगू?" ती म्हणाली. "बाहेर मी आंधळी आहे. खाली आत गेले ना, की मी जशीच्या तशी आहे. तिथे माझं काहीच गेलेलं नाही. रोज सकाळी जाऊन उभी राहते आणि त्याला विचारते, हे तू मला कशासाठी शिकवून ठेवलंस? देवानं उजेड केला, पण त्याच्या आधी तो होता कुठे? अंधारातच ना? आणि तिथूनच त्यानं कामाला सुरुवात केली. काहीतरी असणार त्याच्या मनात."

मी मान हलवली, जी तिला दिसली नाही, आणि खोक्यावर 'भांडी' असं लिहिलं.

एक तारखेला चार दिवस राहिले असताना एक बाई आली. आमच्या चर्चमध्ये शेवटच्या बाकावर बसणारी, डोळे कायम सुजलेले. तिचा नवरा लांब पल्ल्याच्या बसवर ड्रायव्हर होता. पाच महिन्यांपूर्वी बसची बॅटरी तपासताना ती त्याच्या तोंडावर फुटली. जखमा भरल्या, डोळे गेले. तेव्हापासून तो भिंतीकडे तोंड करून पडलेला होता. ती भरवायची, ती धुवायची, तीच हात धरून न्यायची. आता आठवडाभर त्यानं खाणंही सोडत आणलं होतं. "बाई, तुमच्या प्रार्थनेला बळ आहे म्हणतात," ती म्हणाली. "त्यांची दृष्टी परत मागा ना देवाकडे."

"मागेन," आत्या म्हणाली. "माझी मागितली होती, ती काही मिळाली नाही, हे आधीच सांगते. पण उद्या त्यांना इकडे घेऊन या. माझ्याकडे एक काम पडलंय."

काम म्हणजे एका म्हाताऱ्या गिऱ्हाइकाच्या जुन्या कॅमेऱ्यात अडकून राहिलेला रोल. मी आत्याला बाजूला घेऊन म्हटलं, हा काय नवीन उद्योग? चार दिवसांवर जायचं आलंय. ती म्हणाली, "चार दिवस आहेत ना अजून?" मी हात टेकले.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी ते दोघं आले. उंच, दणकट माणूस, पण बायकोच्या खांद्याला धरून पाय घासत चालणारा. आत्यानं पाणी विचारलं, तर बायको म्हणाली, "त्यांना नको."

"डोळ्यांबरोबर तोंडही गेलंय का त्यांचं?" आत्यानं विचारलं. मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. ड्रायव्हर पहिल्यांदाच हलला. "द्या," म्हणाला.

मग आत्या आम्हाला आत घेऊन गेली. पहिला पडदा, वळण, दुसरा पडदा. तिनं दिव्याचं बटण बंद केलं, आणि तो माझ्या लहानपणीचा अंधार अंगावर आला, तसाच आंबट, तसाच मऊ.

"झालं," आत्या म्हणाली. "आता इथे आपण चौघंही आंधळे."

मग ड्रायव्हरनं विचारलं, "दिवा खरंच बंद आहे?"

"हो," त्याची बायको म्हणाली. "अहो, मला माझा हातसुद्धा दिसत नाहीये."

"काहीच नाही?"

"काहीच नाही हो."

त्यानं श्वास सोडला, आणि मला वाटलं, पाच महिने रोखून धरलेला असावा. आत्यानं त्याच्या हातात रीळ आणि फिल्म दिली असणार, कारण ती सांगू लागली: कडेला धरा, मधे बोट लावू नका, खाच सापडली का, आता जरा वाकवून आत सरकवा. दोनदा फिल्म अडकली. त्यानं एक शिवी दिली आणि लगेच माफी मागितली. "देत चला," आत्या म्हणाली, "या खोलीनं मालकांच्याही ऐकल्यात." तिसऱ्यांदा फिल्म सरसर चढली. तो आवाज आम्हा सगळ्यांना ऐकू आला.

फिल्म टाकीत गेली. "आता सतरा," आत्या म्हणाली. "पण सावकाश. घाई केली की वाया जातं."

आम्ही प्रार्थना म्हणू लागलो. पहिल्या दोन वेळी ड्रायव्हरचा आवाज नव्हता. तिसऱ्यांदा आला, खालच्या पट्टीत, खरखरीत. शब्द पुन्हा पुन्हा येत होते आणि जात होते. मी मोजायचं सोडून दिलं. पाण्याचा थेंब, आत्याचा आवाज, आंबट वास, आणि त्या सगळ्यात आपण तरंगतोय असं वाटत होतं. आयुष्यात मी पहिल्यांदा काहीच उरकत नव्हते.

अकरावी की बारावी असेल, तेव्हा ड्रायव्हरच्या बायकोचा श्वास मोठ्यानं ऐकू यायला लागला. "मला बाहेर जायचंय," ती म्हणाली. "मला गुदमरतंय. दार कुठे आहे? अहो, दार कुठे आहे?" काहीतरी धाडकन खाली पडलं. मी म्हटलं, "थांबा, मी नेते," आणि मोठ्या विश्वासानं निघाले ती थेट फळीवर कपाळ आपटून बसले. ही खोली मला लहानपणापासून माहीत आणि मला पडदा सापडेना. आत्या मात्र प्रार्थना म्हणतच होती, जरा भरभर नाही की जरा हळू नाही. मला तिचा संताप आला. दोन पावलं टाकून ती आम्हाला बाहेर काढू शकली असती.

ती जागची का हलली नाही, ते मला नंतर कळलं. आज तिच्याकडे आठवड्यातून तीन दिवस नव्यानं दृष्टी गेलेली माणसं अंधारात वावरायचं शिकायला येतात. त्यांच्या घरची डोळस माणसंही येतात, कारण आत्या आधी त्यांना आत नेते. चपलांच्या दुकानदाराला आम्ही त्याच संध्याकाळी नाही म्हणून कळवलं. पण त्या वेळी मी कपाळ चोळत जमिनीवर होते आणि मनात आत्याला बोल लावत होते.

"अगं, हलू नकोस," ड्रायव्हर म्हणाला. त्याचा आवाज बदलला होता. हा माणूस चाळीस प्रवासी घेऊन घाट उतरत असे, हे आता पटत होतं. "बोलत राहा. कुठे आहेस?"

"इथे. इथे आहे."

"हात दे. आलो तेव्हा पडद्यापासून नऊ पावलं होती, उजवीकडे टेबल लागलं होतं. आता ते डावीकडे येईल. खाली बघून..." तो थांबला. "खाली बघू नकोस. पाय घासत चल. ताई, तुम्ही हिचा खांदा धरा."

मी धरला. एका आंधळ्या माणसामागे आम्ही दोघी डोळस बायका मुकाट्यानं चाललो. टेबल डावीकडे आलं. पडदा आला, वळण आलं, त्याचा हात भिंतीवरून सरकल्याचा आवाज आला, मग दुसरा पडदा, आणि दुपारचं सगळं ऊन एकदम तोंडावर आलं. माझे डोळे दिपले. तो मात्र बायकोचा हात धरून पुढेच चालला होता, दुसरा हात हवेत चाचपडत.

"आलो का गं बाहेर?" त्यानं विचारलं.

तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं. तिनं मान हलवली, मग भानावर आली. "आलो," म्हणाली. "तुम्ही आणलंत."

तो उभा राहिला. "ताईंना पण?"

"हो. ताईंना पण."

आतून आत्याचा आवाज आला, तेवढाच संथ. शेवटची प्रार्थना संपली. "दादा," तिनं हाक मारली, "सतरा झाल्या. फिल्म उचलायची आहे. काम अर्धवट टाकून कुठे निघालात?"

त्यानं बायकोचा हात सोडला. ती सवयीनं अर्धं पाऊल त्याच्यामागे गेली, आणि थांबली. तो वळला, भिंत चाचपली, पडदा बाजूला केला आणि एकटा आत गेला.