ओगावा-सानचा शिक्का

माझं नाव मुंजाजी. परभणीकडे घरटी एक मुंजाजी सापडतो, पण बाकी महाराष्ट्रात नाव सांगितलं की लोक आधी पिंपळाकडे बघतात. त्यामुळे भुताखेतांवरून चेष्टा शाळेपासून ऐकतोय, आणि या विषयाचा कंटाळाही तेव्हापासूनचाच. अंगात येणं, उतारा, बाहेरची बाधा... कधी मानलं नाही. आजही मानतो असं नाही. मेकॅनिकल डिप्लोमावाला माणूस मी. पार्ट मापात बसला तर बसला, नाहीतर रिजेक्ट. ही एक गोष्ट मात्र दीड वर्ष झालं मापातही बसत नाही आणि रिजेक्टही होत नाही, म्हणून इथे लिहितोय.

सध्या महिन्याच्या सुट्टीवर गावी आलोय. देवगाव फाट्यावरून आत, सेलू तालुक्यात आमचं गाव. बाकीचे अकरा महिने जपानमध्ये — टोकियो वगैरे नाही, डोंगराच्या पायथ्याचं एक लहानसं गाव. गाड्यांचे पार्ट बनवणारी फॅक्टरी, आणि फॅक्टरीनेच भाड्याने घेऊन दिलेलं जुनं लाकडी घर. राहणारा मी एकटा.

जपान म्हटलं की लोकांना बुलेट ट्रेन आठवते. मला कचरा आठवतो. सोमवारी प्लास्टिक, मंगळवार आणि शुक्रवार ओला कचरा, बाटल्या धुऊन, झाकणं वेगळी, सकाळी आठच्या आत. चुकलात तर कोणी भांडायला येत नाही. तुमची पिशवी तेवढी मागे राहते, वर एक नम्र चिठ्ठी चिकटवलेली. आपल्याकडे कोणीतरी चार शिव्या घालून मोकळं होतं. तिथे कोणी काही बोलत नाही, आणि त्याचाच जास्त थकवा येतो. त्यात फॅक्टरीत बारा-बारा तास उभं राहायचं. घरी आलो की बूट काढायचे आणि आडवं व्हायचं. आईचा व्हिडिओ कॉल यायचा — "जेवलास का रे?" मी "हो" म्हणायचो. तेवढंच आमचं बोलणं.

तर त्या गल्लीत एक पद्धत होती. कायरानबान म्हणतात — फिरता नोटीस बोर्ड. एका क्लिपबोर्डवर सूचना लावलेल्या असतात: पाणी कधी बंद, नाला सफाई कधी, असं. तो घराघरातून ठरलेल्या क्रमाने फिरतो. तुमच्याकडे आला की वाचायचा, कागदावर आपल्या आडनावाचा लाल शिक्का मारायचा आणि त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी, पुढच्या घरी नेऊन हातात द्यायचा. हातात — हे महत्त्वाचं. गल्लीत निम्मी घरं एकट्या म्हाताऱ्या माणसांची. बोर्डाच्या निमित्ताने कोणीतरी दार वाजवतं, माणूस धड आहे ना ते बघतं. असं कोणी स्पष्ट सांगत नाही, पण बोर्ड त्याच्यासाठीच असतो.

माझ्या पुढचं घर ओगावा-सानचं. 'सान' म्हणजे आपलं 'राव', 'बाई', तसं. वय चौऱ्याऐंशी, नवरा वारलेला, मुलगी लांबच्या शहरात. सुरुवातीला मी बोर्ड घेऊन गेलो की त्या उंबऱ्यावर बसून ओळीवर बोट ठेवत मला सूचना वाचून दाखवायच्या. "मुंजा-सान, गुरुवारी पाणी येणार नाही. बादली भरून ठेवा." चष्मा नाही, काही नाही. जाताना हातात एक मुळा किंवा पर्सिमनची दोन केशरी फळं टेकवायच्या. मी मनात त्यांना आजीच म्हणायचो.

पुढे पुढे मी आळशी झालो. थकलो होतो हे खरं, पण आळशीही झालो. बोर्ड चपलांच्या कपाटावर दोन-दोन, तीन-तीन दिवस पडून राहायला लागला. मग बेल न वाजवताच पिशवीत घालून त्यांच्या दाराच्या कडीला अडकवायला लागलो. कोणी काही बोललं नाही. मला वाटलं, चालतंय.

त्या आठवड्यात बोर्ड माझ्याकडे गुरुवारी आला. मी शनिवारी दुपारी शिक्का मारला आणि पिशवी ओगावा-सानच्या दाराला अडकवून परत येऊन झोपलो.

रविवारी सकाळी नऊ-साडेनऊला दार उघडलं, तर तीच पिशवी माझ्या कडीला.

आत बोर्ड. माझ्या शिक्क्याच्या पुढच्या चौकोनात ओगावा-सानचा लाल शिक्का, अगदी ठळक. बोर्ड उलटा कधी येत नाही... तो पुढेच जातो. मी वैतागलो. एक सुट्टीचा दिवस, त्यात हे. म्हटलं आजीचं वय झालं, दिशा चुकल्या. पायात स्लिपर अडकवून गेलो, बेल वाजवली. उत्तर नाही. परत वाजवली. तिकडे खेड्यात दारं सहसा उघडीच असतात. सरकवलं आणि हाक मारली.

आत पहिल्यांदा दिसली ती ओल्या कचऱ्याची पिशवी, गाठ मारून बुटांपाशी ठेवलेली. शुक्रवारची. मग आतून एक आवाज आला, दाराची कडी कुरकुरावी तसा.

त्या स्वयंपाकघराच्या बोळात पडल्या होत्या. ओठ पांढरे, हात बर्फासारखा गार. मला बघून काय म्हणाल्या असतील? "माफ करा, घर आवरलेलं नाही."

ॲम्ब्युलन्स आली. त्या वाचल्या. शुक्रवारी सकाळी कचरा टाकायला निघताना पाय घसरला, खुब्याचं हाड मोडलं, तेव्हापासून तिथेच. दोन दिवस. पालेभाजी धुवायची बादली हाताशी होती, त्यात टॉवेलचं टोक भिजवून पाणी चोखत राहिल्या. हे सगळं त्यांनी स्वतः सांगितलं, शुद्धीत होत्या.

मग शिक्का कोणी मारला?

मी हजार प्रकारे विचार केला. कोणी चेष्टा केली म्हणावं, तर ती गल्ली चेष्टा करणारी नाही. त्याच आडनावाचा शिक्का बाजारात मिळतो म्हणावं, तर ओगावा-सानच्या शिक्क्याची कड एका बाजूने उडालेली होती. आधीच्या सगळ्या कागदांवर तशीच उमटलेली, आणि या कागदावरही तशीच. गल्लीच्या गटप्रमुखांनी माझ्यासमोर कागद शेजारी शेजारी धरून पाहिलं. आणि खरा शिक्का माडीवर, कपाटाच्या खणात, कापडी पिशवीत. विम्याचं कार्ड आणायला मी आणि गटप्रमुखच वर गेलो तेव्हा मिळाला. कोणी तो घ्यायला आत शिरलं असतं, तर जिन्याकडे जाताना त्याला त्यांना ओलांडूनच जावं लागलं असतं.

इथपर्यंतची गोष्ट मी फॅक्टरीत चार जणांना सांगितलीय. पुढची नाही.

गटप्रमुख म्हणजे ओगावा-सानच्या पुढच्या घरातले, सत्तरीचे निवृत्त मास्तर. हॉस्पिटलच्या बाकावर माझ्याशेजारी बसून ते खाली मान घालून म्हणाले, "चूक माझी आहे. बोर्ड शुक्रवारपर्यंत माझ्याकडे यायला हवा होता. आला नाही, तरी मी चौकशीला गेलो नाही. कारण आमच्या गल्लीत बोर्ड नेहमीच उशिरा येतो. ओगावा-साननी गेल्या वर्षीच बैठकीत उभं राहून सगळ्यांची माफी मागितली होती... 'मला आता बारीक अक्षरं दिसत नाहीत, बोर्ड माझ्याकडेच अडकतो, सांभाळून घ्या' म्हणून."

बारीक अक्षरं दिसत नाहीत! मला ओळ न् ओळ वाचून दाखवणारी बाई. त्या बैठकीला मी गेलोच नव्हतो, ओव्हरटाइम होता.

ते बोलून झाल्यावर वाकले. मीही वाकलो.

डॉक्टर म्हणाले, लवकर आणलं असतं तर कदाचित चालल्या असत्या. आता व्हीलचेअर. दोन महिन्यांनी मुलगी त्यांना आपल्या शहरात घेऊन गेली. जायच्या दिवशी गाडी माझ्या दारात थांबवायला लावली त्यांनी. काच खाली करून माझा हात दोन्ही हातांत धरला, म्हणाल्या, "मुंजा-सान, तुम्ही आलात म्हणून मी आहे." मुलगीही रडत आभार मानत होती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तेव्हाही मी फक्त वाकलो. वाकायला तिथे मी फार चांगला शिकलोय.

परवा दुपारी आईला हे सगळं सांगितलं. ती ज्वारी निवडायलीय, मी शेजारी बसून बोलायलोय. शिक्क्याचं ऐकून ती अजिबात दचकली नाही. "आसल कुनीतरी," म्हणाली आणि खडे काढत राहिली. गटप्रमुखाचं सांगितलं तेव्हा मात्र तिचा हात थांबला.

"म्हंजी तिनं तुज्यावर पांगरून घातलं."

"हो."

"अन् त्याच्यापायीच कुनी आलं न्हाई तिच्याकडं."

"हो आई."

"तिला सांगितलास का? मला म्हाईत हाय म्हून?"

"नाही."

"लय वाईट केलास." मग तिने सूप बाजूला ठेवलं. "शिक्का कुनी मारला ते इचारत बसलास दीड वरीस. हे कधी सांगनार? पंच्याऐंशीची बाई हाय ती आता."

शिक्का कोणी मारला, पिशवी माझ्या दाराला कोणी अडकवली, याचं उत्तर आजही माझ्याकडे नाही. तुमच्यापैकी कोणाकडे असेल तर जरूर लिहा, वाचीन. पण खरं सांगतो, आता त्याची पहिल्यासारखी घाई राहिली नाही. मुलीचा नंबर माझ्याकडे आहे. तिकडे आपल्यापेक्षा साडेतीन तास पुढे असतात, म्हणजे आत्ता संध्याकाळचे पाच वाजले असतील, ओगावा-सान जाग्या असतील. जपानी भाषेत हे कसं सांगायचं ते कागदावर लिहून काढलंय. चार वाक्यं आहेत. काल दोनदा नंबर लावला, आणि दोन्ही वेळा मुलीचा आवाज आल्यावर फक्त तब्येत विचारून फोन ठेवून दिला.