स्विचरूमची पूजा

दिंडोलीच्या त्या गल्लीत ‘कायम’ हा शब्द लोक जपून वापरत. कापड विणायच्या लूमवर आयुष्य काढलेल्यांची वस्ती ती. शिरपूर, अमळनेर, साक्रीकडून आलेली, सुरतेत केस पिकलेली आणि तरीही कुठल्याच कारखान्याच्या मस्टरवर नाव नसलेली माणसं. लोटू त्यातलेच. मालक बदलले, लूम बदलले, लोटू बदली कामगारच राहिले. शेवटी कान गेले, मुकादम चार वेळा हाक मारायचा तेव्हा एकदा ते वळून बघायचे, आणि एका पगाराच्या दिवशी त्याने हातानेच खूण केली की आता घरी बसा. कागदाशिवाय कामाला लागलेला माणूस कागदाशिवायच सुटला.

त्यामुळे आपला योगेंद्र यंदा दिवाळीपासून कंपनीत कायम होणार, ही गोष्ट लोटूंच्या बायकोने, सरलाबाईंनी, शेजारीपाजारी कुणाजवळ काढली नव्हती. होईल तेव्हा सांगू, असं त्यांनी सुनेलाही बजावलं होतं. पण लोटूंना कोण आवरणार? आपण किती मोठ्याने बोलतो हे त्यांना स्वतःला ऐकू येत नसे. ओट्यावर बसून एकाला सांगितलेलं दोन्हीकडच्या दहा घरांना कळायचं. गणपती उठायच्या आत सगळी गल्ली योगेंद्रला थांबवून पेढे कधी म्हणून विचारू लागली.

योगेंद्र पलसाण्याच्या एका प्रोसेस हाऊसमध्ये, म्हणजे साड्यांचं कापड रंगवायच्या-छापायच्या मिलमध्ये, नेटवर्क सांभाळायचा. नावाला ठेकेदाराचा माणूस, कामाला मिलचा. गेटवरच्या पासापासून ट्रक तोलायच्या काट्यापर्यंत, कलर किचनमधल्या रंग मोजणाऱ्या कॉम्प्युटरपासून रिंग रोडवरच्या मार्केटातल्या ऑफिसपर्यंत सगळं ज्या वायरींनी बांधलेलं होतं, त्या शेवटी एका लहानशा एसी खोलीत येत. तिथल्या लोखंडी कपाटात स्विच होते, फायरवॉल होती, हिरवे दिवे होते. ती खोली योगेंद्रची. निदान किल्ली तरी त्याच्याकडे असायची.

काम त्याला तिथे आधी असलेल्या अभिजीतने शिकवलं. अभिजीत इंजिनिअर, बँकेतल्या साहेबांचा मुलगा, पुण्याला नोकरी लागली तसा निघून गेला. जाताना त्याने एक युक्ती देऊन ठेवली. स्विचमध्ये काही बदललं की ते लगेच लागू होतं. पण पक्कं करायचं तर सेव्हची वेगळी आज्ञा द्यावी लागते. अभिजीत म्हणायचा, ती लगेच देऊ नकोस. दोन दिवस चालू दे. काही बिघडलंच तर स्विच बंद करून चालू कर, जुनं सगळं जिथल्या तिथे येईल आणि सेठला कळणारही नाही. जिथे पाच मिनिटं काम थांबलं तरी सेठ स्वतः येऊन उभा राहायचा, तिथे ही युक्ती म्हणजे पळायला ठेवलेलं मागचं दार होतं. योगेंद्रनेही ते उघडंच ठेवलं. बदल करायचा, दोन दिवस बघायचं, मग सेव्ह. पण दोन दिवसांत आणखी कुणाचा तरी फोन यायचा, आणखी काही बदलायचं, आणि सेव्ह करायचं राहून जायचं. खोलीला मोठा यूपीएस होता, मिलला जनरेटर होता. ती कपाटं कधी बंद पडलीच नाहीत, त्यामुळे काय राहून गेलंय हेही कधी कळलं नाही.

बॅकअप मात्र तो नेमाने घ्यायचा. दर शुक्रवारी सगळ्या स्विचच्या फायली त्याच्या कॉम्प्युटरवर उतरून येतील अशी सोय त्याने स्वतः, कुणी न सांगता, शिकून केली होती. प्रत्येक फाइलवर तारीख. ऑडिटवाले आले की तो ते फोल्डर उघडून दाखवायचा आणि ते मान डोलवायचे. एकदा त्याने मॅनेजर धनसुखभाईंकडे एक जादा स्विच मागितला होता, एखादी फाइल त्यावर चढवून बघायला. धनसुखभाई हसले. लग्नात नवरदेवसुद्धा एक जादा आणून ठेवायचा का, म्हणाले. माणूस मनाने वाईट नव्हता. त्याला कायम करा म्हणून सेठकडे शब्द टाकला तोही त्यांनीच.

दसऱ्याच्या सकाळी लोटूंनी चहा पिता पिता मुलाला विचारलं, तुझ्या मशीनची पूजा कधी. योगेंद्रने हातवारे करून सांगितलं की मला कुठली मशीन, दिवे लागलेले डबे आहेत नुसते. दरवर्षी तो दारावर कुंकवाचं बोट लावून परत यायचा. ठेकेदाराच्या माणसाने आणखी काय करायचं? पण लोटूंना ते पटलं नाही. लूम बंद करून, धुऊन-पुसून, मग हार घालायचा, ही त्यांची रीत. मालक कुणी का असेना, दसऱ्याला त्यांचा लूम त्यांचाच असायचा.

“चालतं यंत्रले कोनी हयद लावस का?” ते म्हणाले. “बंद कर, मंग पूजा कर. आते तू कंपनीना मानूस शे.”

योगिताने झेंडूची माळ ओवून दिली, स्टीलच्या डबीत हळद-कुंकू दिलं. नवऱ्याचा चेहरा तिला त्या दिवशी वेगळा दिसला. नवी नवरी घरात आणल्यावर असतो तसा, तिने पुढे कधीतरी सासूला सांगितलं.

मिल बंदच होती. खात्याखात्यात मशिनी धुतलेल्या, अगरबत्त्यांचा वास, ऑफिसात फाफडा-जलेबीची पाकिटं. योगेंद्रने आधी बॅकअप घेतला. शुक्रवार नव्हता, तरी घेतला. फायली गेल्या वेळेइतक्याच भरल्या, तेव्हा सगळं नीट उतरलं असं मानून त्याने समाधानाने एकेक स्विच बंद केला. खोली एकदम शांत झाली. इतक्या वर्षांत ती शांतता त्याने कधी ऐकली नव्हती. त्याने कपाट पुसलं, हळद-कुंकवाची पाच बोटं ओढली, माळ घातली, नारळ फोडला. मग सगळं पुन्हा चालू केलं. हिरवे दिवे एकामागून एक लागले. जलेबी खाऊन तो घरी आला, आणि संध्याकाळी आपट्याची पानं देताना लोटूंनी मुलालाच आधी पान दिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिला फोन काट्यावरच्या हिलालभाईंचा. ट्रकचं वजन ऑफिसात जात नव्हतं. मग गेटवरून, पास निघत नाही. मग कलर किचन. मग मार्केटातलं ऑफिस, तिथून तर धनसुखभाईंनाच फोन गेला. योगेंद्र घाबरला नाही. काहीतरी विसकटलंय, बॅकअप चढवतो, चहा होईस्तोवर चालू होईल, असं तो सगळ्यांना सांगत सुटला. त्याने कालची फाइल चढवली. स्विचने ती निमूटपणे घेतली, दिवे लागले, आणि काही बदललं नाही.

तेव्हा त्याने फाइल उघडून वाचली. पहिल्यांदाच. तिच्यात कलर किचन नव्हतंच. नवं गेट नव्हतं. एका जागेवर ज्या हिशेबनिसाचं नाव होतं, ते गृहस्थ वारून वर्षं झाली होती. हा सगळा अभिजीतच्या वेळचा संसार होता. त्याने आधीच्या शुक्रवारची फाइल उघडली. तीच. त्याआधीची. तीच. बाहेर तारखा बदलत गेल्या होत्या, आत एक अक्षर बदललं नव्हतं. त्याची सोय दर शुक्रवारी इमानेइतबारे जी फाइल उचलून आणत होती, ती सेव्ह केलेली. आणि सेव्ह तर त्याने केलंच नव्हतं. मधल्या वर्षांत त्याने जे जे केलं ते फक्त चालत्या स्विचच्या डोक्यात होतं, आणि त्याने काल ते स्वतःच्या हाताने बंद केलं होतं. माळ अजून कपाटावर होती.

मग त्याने जे केलं ते बुडत्या माणसाने करावं तसंच. आठवेल ते भरायला लागला. कॅमेरे वेगळे केले होते, कारण सेठच्या लॅपटॉपवर चित्र अडकायचं. काट्याला वेगळा रस्ता दिला होता, तो कोणता? खात्याखात्यात जाऊन, माझ्याकडून तुम्ही काय काय करून घेतलं होतं, असं लोकांना विचारत फिरला. लोक वैतागलेले. दिवाळीच्या तोंडावर माल अडकलेला, ट्रकांची रांग हायवेपर्यंत गेलेली. कुणी म्हणालं, तुलाच माहीत. दुपारपर्यंत अर्धंमुर्धं चालू झालं, आणि घाईघाईत त्याच्या हातून असं काही चुकलं की चालू असलेलं डिस्पॅचही बंद पडलं.

धनसुखभाईंनी बाहेरची कंपनी बोलावली. दोन मुलगे आले, सभ्य होते, त्याला सर म्हणायचे. त्यातल्या एकाने सगळं बघून सहज विचारलं, बॅकअप चढवून कधी पाहिला होता का. योगेंद्रने नाही म्हणून मान हलवली. जादा स्विच मागितला होता हे त्याच्या ओठांवर आलं, पण धनसुखभाई शेजारी उभे होते, आणि खरं सांगायचं तर जादा स्विच नसला तरी सेव्ह करायला त्याला कुणी अडवलं नव्हतं. त्या मुलांनी सगळं नव्याने बांधलं. त्याला चार दिवस लागले, आणि ते चारही दिवस योगेंद्र त्यांना चहा-पाणी आणि किल्ली देत उभा होता.

नंतर धनसुखभाईंनी त्याला केबिनमध्ये बसवलं, चहा मागवला. नेटवर्कचं काम त्याच कंपनीला दिलंय, म्हणाले. त्यांचं सगळं आपोआप होतं. तुला कायम करायचा विषय आता मी काढूही शकत नाही.

“सेठ म्हणतात, पुजारीच ठेवायचा तर देवळात खूप आहेत,” एवढं सांगून ते दुसरीकडे बघू लागले. योगेंद्रने चहा संपवला. कप तसाच टाकून उठणं त्याला बरं वाटलं नाही.

घरी त्याने योगिताला सांगितलं. सासूबाई भाजीला गेल्या होत्या, लोटू ओट्यावर. ती तांदूळ निवडत होती. सगळं ऐकून घेतलं, हात थांबवला नाही. मग म्हणाली, “पूजेमुळे झालं, हे बाबांना कधी सांगू नका.”

“पूजेमुळे नाही झालं.”

“मला कळतंय. त्यांना नाही कळणार.”

दिवाळीपर्यंत लोटू रोज संध्याकाळी कायम झाल्याच्या कागदाचं विचारायचे, “कागद भेटना का?” आणि योगेंद्र रोज हाताने ‘होईल, होईल’ अशी खूण करायचा. सरलाबाईंना न सांगताच समजलं. त्यांनी पेढ्यांचं नाव काढणं सोडलं, आणि पेढ्यांबद्दल विचारणाऱ्या बायकांना टाळून नळावर उशिरा जाऊ लागल्या. दिवाळी झाली. ठेकेदाराने योगेंद्रला इच्छापोरला नव्या कारखान्यात केबल ओढायला पाठवलं. पायात जाड बूट, डोक्याला हेल्मेट. पहिल्या दिवशी तो बूट घालायला ओट्यावर बसला आणि लोटूंनी ते बूट पाहिले.

हे काय, त्यांनी विचारलं. योगेंद्र हळू काहीतरी बोलला. त्यांनी कानामागे हात धरला. नळाची वेळ, समोर हंडे लावून बायका उभ्या. योगेंद्रने घरात चला म्हणून खूण केली, तर लोटू हलेनात. त्यांना वाटलं असेल, गल्लीपासून आता लपवायचं काय राहिलं. लोटूंनी पुन्हा विचारलं. तेव्हा योगेंद्र ओरडून बोलला, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं.

“कायम नही करं, बाबा. नही करं.”

बायका हंड्यांकडे बघत राहिल्या. लोटू का म्हणून विचारतील, असं योगेंद्रला वाटलं; तो उत्तर जुळवत होता, सेठने दुसरी कंपनी आणली एवढंच सांगायचं. पण त्यांनी का म्हणून विचारलंच नाही. त्यांना कधी कुणी का ते सांगितलं नव्हतं, विचारायची सवयच नव्हती.

“मंग बदलीच,” ते म्हणाले. इतक्या वर्षांत लोटूंचा इतका हळू आवाज गल्लीने ऐकला नव्हता. ते उठून आत गेले. त्यानंतर ते संध्याकाळी ओट्यावर बसेनासे झाले. कान दुखतात, म्हणायचे.

इच्छापोरला काम वरचं. शिडीवर चढायचं, पत्र्याखालच्या जाळीतून केबल सरकवायची, उतरायचं, शिडी पुढे न्यायची. महिनाभराने तिथल्या साहेबांनी खालून विचारलं, तुमच्यात स्विचचं सेटिंग कुणाला येतं का, आमचा माणूस सोडून गेलाय, आत बसायचं काम आहे. योगेंद्रच्या बरोबरीचा सागर लगेच म्हणाला, याला येतं की, पलसाण्याला हाच बघायचा. साहेबांनी वर पाहिलं.

“नाही येत,” योगेंद्र म्हणाला. “मी फक्त पूजा-बिजा करायचो.” सागर हसला. साहेबांना काही कळलं नाही, ते निघून गेले.

संध्याकाळी जेवताना त्याने हे योगिताला सांगितलं. तिने गल्लीतल्या उषाबाईंकडून साड्यांना टिकल्या लावायचं काम घ्यायला सुरुवात केली होती. गठ्ठा भिंतीशी ठेवलेला होता.

“का नाही म्हणालात?”

“पुन्हा चुकलं तर?”

“आणि नाही चुकलं तर?”

त्याने ताट पुसून भाकरीचा शेवटचा घास खाल्ला आणि हात धुवायला उठला. ती वाट बघत बसली नाही. ताट उचललं, जमीन पुसून कोरडी केली, साडी उलगडून तिच्यावर पसरली आणि काठाच्या कोपऱ्यापासून टिकल्या चिकटवायला लागली.